तळ्यातला गाळ आणि डोंगरावरचे गाव

यजमानांच्या नोकरीनिमित्त चंडीगढला स्थायिक झालेल्या, मूळच्या साताऱ्याकडील एका भगिनींचे पत्र या सदराकडे आले आहे. सायंकाळी मुलाला घेऊन सुखना तलावाच्या काठाने फेरफटका मारण्याचा त्यांचा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात, मोठी सर येऊन गेल्यावर तलावाचे पाणी दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तेव्हा मुलाने विचारले, "आई, ही माती कोणाची?" माती कोठून आली असे न विचारता ती कोणाची असे त्याने विचारले, याचे त्यांना हसू आले. या प्रश्नाचे उत्तर मुलाला समजेल असे द्यावे, अशी त्यांची विनंती आहे.

मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सुखना तलावाच्या बाबतीत तर याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जाणत्या माणसांची काही वर्षे गेली आहेत. परंतु आधी 'कोठून' हे पाहू. 'कोणाची' हे त्यामागून येईल.

जमिनीची धूप म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महापूर उभा राहतो. वास्तविक धुपीचा आरंभ पुरापासून होत नाही, पावसाच्या थेंबापासून होतो. वळवाच्या सरीतला टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे भरधाव सायकलीहूनही अधिक असतो. उघड्या मातीवर तो आपटला की मातीचे ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात आणि आजूबाजूच्या छिद्रांत जाऊन बसतात. जमिनीची तोंडे अशी मिटली की पुढचे पाणी आत मुरत नाही, ते उताराने धावू लागते. प्रथम ते सर्व शिवारावरून पातळ पदरासारखे सरकते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग त्याच्या बोटभर रुंदीच्या ओघळी होतात, ओघळींच्या घळी होतात, आणि घळ एवढी खोल झाली की बैल उतरेना, म्हणजे मग शेतकऱ्याला कळते की आपले शेत चालले आहे. तोवर शेतातले जे उत्तम ते गेलेले असते. कारण पाणी प्रथम उचलते ते बारीक कण, कुजलेला पाला आणि त्यांना चिकटलेली खते. मागे राहते ती रेती आणि खडे. दुधावरची साय जावी तसे हे आहे. फरक इतकाच की दूध रोज मिळते, आणि बोटाच्या पेराएवढा मातीचा थर खडकापासून तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात.

घरी मुलांना हे दाखवावयाचे असेल तर तेलाचे दोन रिकामे डबे उभे चिरून दोन आडवी पन्हळे करावीत. चिरलेल्या पत्र्याच्या कडा ठोकून बोथट कराव्यात; हे काम मोठ्यांनीच करावे. एकात बागेतली मोकळी माती हाताने दाबून भरावी. दुसऱ्यात तितकीच माती, परंतु वर हिरवळीचा गवतासकट खणून काढलेला थर बसवावा. दोन्ही पन्हळे एका टोकाला वीट देऊन उतरती ठेवावीत, खालच्या टोकाला खाच पाडून तिच्याखाली एकेक काचेचा पेला ठेवावा, आणि झारीने दोन्हींवर सारखेच पाणी जरा उंचावरून शिंपडावे. पहिल्या पेल्यात लगोलग चिखल येईल. दुसऱ्यात पाणी उशिरा येईल, थोडे येईल, आणि पुष्कळसे निवळ येईल. गवत काही बांध घालीत नाही. ते थेंबाचा मार आपल्या अंगावर घेते आणि मुळांनी माती धरून ठेवते, एवढेच. परंतु एवढ्याने काम होते.

आता चंडीगढकडे वळू. शहराच्या ईशान्येस जे डोंगर दिसतात ते शिवालिकचे. सह्याद्रीचा काळा पाषाण पाहण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे डोंगर पाहून आश्चर्य वाटते. हिमालयातून येणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षे जो गाळ पायथ्याशी टाकला तोच पुढे उचलला जाऊन शिवालिकची रांग झाली. ठिसूळ वालुकाश्म, चिकणमातीचे थर आणि गोटे यांची ती रास आहे. पुष्कळ ठिकाणी तो दगड बोटांनी चुरता येतो. त्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत कोसळतो. अशा डोंगरावर गवताचे आणि झुडपांचे आच्छादन असेल तोवर ठीक. ते एकदा गेले की डोंगर विरघळल्यासारखा खाली येऊ लागतो.

या डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांना तिकडे 'चो' म्हणतात. वर्षाचे नऊ महिने त्यांत केवळ वाळू असते. पावसाची सर आली की काही तासांपुरता लोंढा येतो आणि वाळू खालच्या शेतांवर पसरून जातो. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर शिवालिकवरची तोड आणि चराई वाढत गेली, आणि होशियारपूर जिल्ह्यात या 'चों'नी सुपीक जमिनीचे पट्टेच्या पट्टे वाळूखाली गाडले. त्यावर उपाय म्हणून १९०० साली एक कायदाच करण्यात आला. ठरवून दिलेल्या भागात तोड व चराई यांवर बंधने घालण्याचा अधिकार त्याने सरकारास मिळाला. नद्यानाल्यांच्या उपद्रवावर असा स्वतंत्र कायदा त्या काळी व्हावा यावरून संकट केवढे असेल याची कल्पना येते. कायद्याने काही ठिकाणी डोंगर हिरवे झालेही. परंतु कायदा बकरी कोठे चरू नये एवढेच सांगतो. ती कोठे चरावी हे सांगत नाही. ही उणीव पुढे पाऊणशे वर्षांनी सुखना तलावाच्या निमित्ताने पुन्हा उघडी पडली.

चंडीगढची नवी राजधानी वसवताना, डोंगरातून येणाऱ्या सुखना 'चो'ला बांध घालून १९५८ साली हा तलाव करण्यात आला. नव्या शहराला पाण्याचा विसावा मिळाला. परंतु 'चो' अडवला म्हणजे केवळ पाणी अडत नाही, त्याच्याबरोबरची वाळू व माती हीही अडते. वर्षावर्षाला गाळ साचत गेला. १९७४ पर्यंत तलावाच्या साठवणीचा निम्म्याहून अधिक भाग गाळाने व्यापला होता. गाळ उपसावा तर खर्च अवाढव्य, आणि एका पावसाळ्यात पुन्हा तितकाच येणार. पुढे नागरिकांनी उन्हाळ्यात श्रमदान करून टोपल्यांनी गाळ काढला. त्यांच्या भावनेचे कौतुक करावे तितके थोडे. तथापि नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखेच ते होते.

नळ कोठे उघडा आहे याचा शोध घेण्याचे काम केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चंडीगढ केंद्राकडे आले. या संस्थेचे मुख्य ठाणे डेहराडून येथे आहे. चंडीगढ केंद्राचे प्रमुख तेव्हा पी. आर. मिश्र हे होते. मिश्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तलावाचे पाणलोट पायी धुंडाळले. गाळ साऱ्या डोंगरांतून सारखा येत नव्हता. त्याचा मोठा वाटा थोड्याशा उघड्याबोडक्या टेकड्यांतून येत होता, आणि त्या टेकड्यांच्या पायथ्याशी सुखोमाजरी नावाचे लहानसे खेडे होते. ते आज हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात आहे. वस्ती मुख्यतः गुजर पशुपालकांची. प्रत्येकाची थोडी कोरडवाहू शेती, तीही पावसाने साथ दिली तरच पिकणारी. म्हणून खरा आधार शेळ्यामेंढ्यांचा आणि गुरांचा. जनावरे चरत होती ती वनखात्याच्या टेकड्यांवर.

तलावातली माती कोणाची, हा मुलाचा प्रश्न येथे येऊन भिडतो. टेकडी सरकारची. तिच्यावरचे गवत ठेकेदाराचे. तिच्यावर चरणारे जनावर गावकऱ्याचे. आणि खाली वाहून आलेला गाळ शहराचा. मातीला इतके धनी असूनही तिची काळजी वाहणारा एकही नव्हता.

आरंभी शास्त्रज्ञांनी जे केले ते त्यांच्या विद्येला धरूनच होते. चर खणले, घळींत आडवे बंधारे घातले, रोपे लावली. यांपैकी एकही उपाय चुकीचा नव्हता. परंतु गावातली जनावरे पूर्वीसारखीच टेकडीवर जात होती, आणि कोवळी रोपे हा तर त्यांचा आवडता खुराक. गावकऱ्यांना दोष देणे सोपे आहे. शहरातल्या लोकांना नौकाविहार करता यावा म्हणून आपण आपली बकरी उपाशी का बांधावी, असा विचार त्यांच्या मनात आला असेल तर त्याला उत्तर काय होते? कुंपण जनावराला कळत नाही. आणि जनावर भुकेले असताना त्याच्या मालकाला ते कळून उपयोग नसतो.

गाठ सुटली ती जवळजवळ योगायोगानेच. एका मोठ्या घळीची वाढ थांबवावी म्हणून १९७६ साली सुखोमाजरीला मातीचा एक बांध घालण्यात आला. हेतू धूप थोपवण्याचा होता; पाणी साठले ते ओघाने. लवकरच पावसाने ओढ दिली आणि शेतातली पिके वाळू लागली. तेव्हा गावकऱ्यांचे लक्ष या साठलेल्या पाण्याकडे गेले. ते पाणी शेतात आणले आणि पीक वाचले. पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या गावाला आपल्याच टेकडीचे पाणी आपल्या शेतात प्रथमच दिसले.

यानंतर जे घडले ते आमच्या मते या सर्व हकिगतीचे मर्म आहे. बांध टिकावयाचा तर त्यात गाळ येता कामा नये. गाळ येऊ नये असे वाटत असेल तर वरची टेकडी हिरवी राहिली पाहिजे. आणि टेकडी हिरवी राहावयाची तर जनावरे तेथे मोकाट सोडून चालणार नाही. कालपर्यंत टेकडीवरची माती गेली तर नुकसान कोठे तरी दूरच्या तलावाचे होत होते. आता ते आपल्या दारच्या बांधाचे होऊ लागले. जे शास्त्रज्ञांना सांगून पटवता आले नव्हते ते बांधातल्या पाण्याने पटवले. गावाने आपणहून चराई बंद केली. ना काटेरी तार, ना पहारेकरी. या व्यवस्थेला पुढे 'समाजाचे कुंपण' असे नाव मिळाले.

परंतु कुंपण उभे राहण्यापूर्वी एक कठीण प्रश्न सुटावा लागला, आणि तो मातीचा नव्हता, माणसांचा होता. बांधाचे पाणी स्वाभाविकपणे उताराखालच्या शेतांना मिळणार. मग ज्यांची शेते तेथे नाहीत, आणि ज्यांना मुळी शेतच नाही, त्यांनी काय करावे? चराई तर सर्वांनीच सोडावयाची. भूमिहीनाजवळ बकरीवाचून दुसरे काही नसते. त्याने ती टेकडीवरून खाली आणायची आणि पिकलेला गहू मात्र शेजाऱ्याच्या घरी जायचा, हा कोठला न्याय? यावरून गावात कुरबुर झाली, आणि ती झाली हे फार बरे झाले. कारण भूमिहीनाने गुपचूप मान हलवली असती आणि रात्री बकऱ्या सोडल्या असत्या, तर चार-सहा महिन्यांत सारे पूर्ववत झाले असते.

शेवटी तोडगा निघाला तो असा : पाण्याचा वाटा शेताच्या प्रमाणात नव्हे, तर घराच्या प्रमाणात. प्रत्येक घराला सारखा वाटा. ज्याला शेत नाही त्याने आपल्या वाट्याचे पाणी दुसऱ्याला विकावे, अथवा कोणाची जमीन अर्धेलीने घेऊन तीवर ते वापरावे. जमिनीची मालकी आणि पाण्याचा हक्क यांची अशी फारकत करणे ही आपल्या देशात लहानसहान गोष्ट नव्हे. विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचे, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. सुखोमाजरीच्या त्या थोड्या घरांनी कागदी तत्त्वज्ञानाच्या भानगडीत न पडता तिला बगल दिली. बांध कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या संयमाने टिकतो हे पाहिले, आणि त्या हिशेबाने वाटे पाडले. कारभार पाहण्यासाठी गावाचे मंडळ स्थापन झाले; आणखी बांध झाले.

टेकड्यांनी उत्तर दिले ते अपेक्षेपेक्षा लवकर. १९७६ मध्ये तेथे हेक्टरी १३ झाडे होती. १९९२ पर्यंत ती १,२७२ वर गेल्याची नोंद आहे. यांत खैर पुष्कळ. झाडांच्या आधी अर्थातच गवत आले. भाबड नावाचे एक चिवट गवत शिवालिकवर उगवते. कोवळे असताना जनावरे ते खातात, जून झाल्यावर त्याचे दोर वळतात, आणि कागदाच्या गिरण्याही ते विकत घेतात. पूर्वी वनखाते हे गवत ठेकेदाराला देई. पुढे ते गावाच्या मंडळाला मिळू लागले आणि त्यातून गावाच्या गाठीला पैसा जमला. बकऱ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या, गोठ्यात बांधून त्यांना चारा घालण्याची रीत पडली. त्यामुळे शेणखतही आता रानोमाळ न पडता शेतात जाऊ लागले. सुखना तलावात येणारा गाळ तर फारच घटला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गोठ्यातल्या म्हशीचा चारा कोणी तरी कापून डोक्यावरून आणावा लागतो, आणि हा 'कोणी तरी' आपल्या देशात बहुधा घरातली बाई असते. चराईबंदीच्या ठरावावर अंगठे उमटतात पुरुषांचे, आणि भारे वाहतात बायका. एवढे खरे की टेकडीवर गवतच नव्हते तेव्हा तोच भारा आणावयास त्यांना कितीतरी दूर जावे लागत असणार.

सुखोमाजरीची कथा येथेच थांबवली तर ती गोड होईल, परंतु खरी होणार नाही. पुढील काळात उत्पन्नाच्या वाट्यावरून गाव आणि सरकारी खाती यांत कुरबुरी झाल्या. काही बांधांत अखेर गाळ भरला आणि तो काढण्याचा उत्साह पूर्वीसारखा राहिला नाही. तरुण मुले नोकरीसाठी शहराकडे जाऊ लागली. ज्याच्या घरची चूल पगारावर पेटते त्याला बांधातल्या पाण्याची ओढ किती असणार? पाण्याच्या ओढीवर उभे असलेले कुंपण ती ओढ कमी झाली की सैल पडते. तलावाचीही एक निराळीच तक्रार सुरू झाली. २०१० नंतरच्या काही उन्हाळ्यांत त्याचे पाणी इतके खाली गेले की तळ दिसू लागला. पाणलोटात पुढे जागोजाग झालेल्या बांधबंधाऱ्यांत गाळाबरोबर पाणीही अडते, हे त्याचे एक कारण म्हणून पुढे आले. वर किती अडवावे आणि खाली किती सोडावे याचा हिशेब एकदा मांडून संपत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांमुळे घरोघर पोहोचले आहेत. नगरकडील त्या माळांवर पडणारा पाऊस शिवालिकच्या निम्म्याहूनही कमी, खडक निराळा, माणसे निराळी. परंतु तेथेही बंदी टिकली ती विहिरींना पाणी दिसू लागले तेव्हा. ज्या वाचकांचे गावाशी अद्याप नाते आहे, आणि ज्यांच्या गावी पाणलोटाचे काम चालू आहे, त्यांनी सुटीत गेल्यावर बांधाची लांबीरुंदी अवश्य पाहावी. मात्र त्याबरोबर आणखी एक चौकशी करावी : या बांधाच्या वरच्या अंगाला ज्यांची शेळी चरत होती, त्यांना या पाण्यातले काय मिळाले? उत्तर देताना माणसे इकडे तिकडे पाहू लागली तर तो बांध किती पावसाळे तग धरील याचा अंदाज अभियंत्यावाचूनही बांधता येईल.

आता चंडीगढच्या त्या बाळासाठी. पुढच्या पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या सरीनंतर, आईला बरोबर घेऊन तलावाला मिळणाऱ्या एखाद्या ओहोळाचे गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून आण. काठावर जपून, आणि पाण्यात न उतरता. बरणी खिडकीत रात्रभर हलवू नकोस. सकाळी तळाशी थर बसलेला दिसेल : सर्वांत खाली जाड रेव, तिच्यावर बारीक माती, आणि पाणी तरीही थोडे गढूळच. पट्टी लावून थर किती जाड आहे तो मोज, आणि सप्टेंबरात पुन्हा एकदा पाणी आणून पहिल्या मापाशी ताडून पाहा. दोन्ही मापे आम्हाला कळवलीस तर या सदरात ती अवश्य छापू.